एकशे एकतीस किलोमीटरपूर्वी

माझ्या नवऱ्याला विचाराल तर मला एकच खोड आहे, जिथे तिथे नाक खुपसायची. मी तिला चौकसपणा म्हणते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या रक्ताचे आकडे बघते, आणि आकडा वेडावाकडा दिसला की तो तसा का आला हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमतं. नवरा इमारतींच्या लिफ्टच्या देखभालीचं काम बघतो. त्याला सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे बिचाऱ्याला काही शोधावं लागत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी बाबा, म्हणजे माझे सासरे, गाडी घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यांच्या जुन्या साहेबांना भेटायला गेले होते. परत येताना मोठ्या चौकात वळता वळता गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या व्हॅनने ब्रेक दाबला, पण बंपरला ठोकर बसायची ती बसलीच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बाबांनी किल्ली चार-पाच वेळा फिरवून पाहिली, गाडी ढिम्म. मग लोकांनी ढकलून ती बाजूला लावली. नवरा अर्ध्या तासाने तिथे पोचला, त्याने किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

झालं. निकाल तिथेच लागला.

"लिफ्टचंही असंच असतं," घरी आल्यावर तो म्हणाला. "लोक सांगतात, आपोआप थांबली. दहातल्या नऊ वेळा कुणीतरी दारात पाय घातलेला असतो. बाबा, तुमच्या हातून किल्ली फिरली असेल, नाहीतर क्लच सुटला असेल. होतं असं."

"मी काही केलं नाही," बाबा म्हणाले. "ती आपोआप बंद पडली."

"बरं, आपोआप," तो म्हणाला, आणि किल्ली त्याने स्वतःच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवसापासून बसऐवजी तोच गाडी घेऊन ऑफिसला जायला लागला. ऑफिस दहा मिनिटांवर. पहिल्याच सकाळी गाडी सुरू होईना, तेव्हा त्याने बॉनेट उघडून पाहिलं. बॅटरीची एक तार निघालेली होती. व्हॅनच्या धक्क्याने निसटली असणार म्हणून त्याने ती घट्ट बसवली आणि गेला.

त्यानंतर बाबा बदलले. ते रागावले असते तर मला चाललं असतं. पण ते गप्प झाले. गॅस बंद केला का, हे स्वतः बंद केल्यावर दोनदा जाऊन बघायचे. दाराला कुलूप लावल्यावर मला म्हणायचे, "जरा ओढून बघतेस का?" एका दुपारी गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाले, "सकाळची मी घेतली ना? मोजून सांग." गोळी घेतलेलीच होती. ज्या माणसाने ग्रॅमभर फरकासाठी भल्याभल्यांना घाम फोडला, तो आता स्वतःच्या हातावर विश्वास ठेवत नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि नवऱ्याचा राग आला तो वेगळाच.

म्हणून मी लॅबच्या सॅम्पलगाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारी ती खटारा गाडी त्याने इतकी वर्षं कशी चालवली हे त्यालाच ठाऊक. त्याच्याकडे कोड वाचायचं यंत्र होतं. यंत्र म्हणजे काय, काड्यापेटीएवढी एक डबी. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ एक खाच असते, तिथे ती खोचायची, मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं, की गाडीचा कॉम्प्युटर आपल्या तक्रारी सांगायला लागतो. प्रत्येक तक्रारीला नंबर असतो.

"पण ताई, नंबर म्हणजे रोग नाही हां," त्याने बजावलं. "नंबर फक्त कुठे दुखतं ते सांगतो."

हे तो मला सांगत होता! साखर वाढली हे रिपोर्ट सांगतो, का वाढली ते पेशंटला विचारावं लागतं, हे मी रोज कुणाला ना कुणाला समजावत असते.

संध्याकाळी नवरा परतल्यावर मी गाडीत वाकून डबी खोचली. बाबा चष्मा पुसत दाराशी उभे राहिले. नवराही आला, हाताची घडी घालून. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावरचं काम टाकून खिडकीत आल्या. मोबाइलवर एक चक्र फिरत राहिलं, आणि मग हिरव्या अक्षरांत आलं, कोड नाहीत.

"बघा," नवरा म्हणाला.

बाबा फक्त "बरं" म्हणाले आणि आत गेले. रात्री जेवताना त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "मीच किल्ली फिरवली असेन. हाताला आठवत नाही इतकंच." नवऱ्याचं तोंड जरा उतरलं. जिंकल्यावर असं वाटेल हे त्याच्या ध्यानीमनी नसावं.  आई तर तीन आठवडे फारसं काही बोलतच नव्हत्या. नवरा ऑफिसला निघाला की बरोब्बर बाराव्या मिनिटाला फोन करायच्या, "पोचलास का?" एवढंच.

मला ते 'कोड नाहीत' काही पचेना. इतकी जुनी गाडी आणि एकही तक्रार नाही? आमच्या लॅबमध्ये सत्तरीच्या माणसाचा सगळा रिपोर्ट नॉर्मल आला तर आम्ही आधी नळीवरचं लेबल तपासतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आंघोळीला गेल्यावर मी किल्ली घेऊन पुन्हा गाडीत बसले आणि अ‍ॅपमधलं मिळेल ते बटण दाबत सुटले. इंजिनाचं तापमान, हवेचा दाब, काय काय आकडे. अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती, कोड पुसल्यापासूनचं अंतर. त्यापुढे आकडा होता एकशे एकतीस किलोमीटर.

मी तो तीनदा वाचला. म्हणजे कुणीतरी कोड पुसले होते, आणि तेही अलीकडेच!

पहिला संशय अर्थातच घरच्या सर्वज्ञांवर. तो डोकं पुसत बाहेर आला आणि मी सरबत्ती सुरू केली. गाडी गॅरेजला नेली होतीस? कुणाला हात लावू दिलास? तो भडकलाच.

"माझ्याकडे ती डबी तरी आहे का? आणि मी कशाला पुसू? मला काय बाबांना खोटं पाडायचंय?"

त्याचा आवाज इतका दुखावलेला होता की मला विश्वास ठेवावाच लागला. मी ड्रायव्हरला फोन लावला.

"बॅटरी काढली होती का मधे?" त्याने विचारलं. "बऱ्याच गाड्यांत बॅटरीची तार निघाली की कॉम्प्युटर सगळं विसरतो. डबी लागतच नाही."

नवरा ऐकत होता. "निघाली होती की," तो म्हणाला. "ठोकर बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. धक्क्याने."

मी हिशेब केला. ऑफिसच्या फेऱ्या, एकदा दळण, एकदा पोस्ट. एकशे एकतीस किलोमीटर बरोबर तिथेच जाऊन पोचत होते. पण ठोकर बसल्यावर गाडी चौकातून घरापर्यंत चालत आली होती. तार धक्क्याने निघाली असती तर ती तिथेच निघाली असती, रात्रभर अंगणात उभं राहून कशी निघेल? मी बॉनेट उघडायला लावलं. त्या तारेच्या टोकाला नट असतो. तो पान्याशिवाय सुटण्यातला नव्हता.

"तू पाहिलंस तेव्हा तार कशी होती?" मी विचारलं.

"कशी म्हणजे? बाजूला होती. काहीतरी चिंधी होती तिच्यावर. मी टाकून दिली."

"कुठे?"

त्याने झाडूच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, आणि मग डबा उचलून ऑफिसला गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

चिंधी अजून तिथेच होती, कुंडीच्या मागे, धुळीत. मी ती झटकली. फिकट हिरव्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा, कडेला पांढरी पट्टी, कात्रीने सरळ कापलेला आणि एका टोकाला गाठीची घडी. मला पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडीवाघडी नसते. इस्त्रीची वायर, औषधाच्या बाटल्या, कात्री, सगळं आई फडक्यात गुंडाळून ठेवतात. बॅटरीची तारसुद्धा त्यांनी काढून तशी सोडली नव्हती. नीट बांधून ठेवली होती.

मी चिंधी घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होत्या. त्यांनी चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात तसेच परातीत ठेवले.

"हो. मीच काढली," त्या म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी. गाडीला कुलूप नव्हतं. यांच्या पेटीतला पाना घेतला. बॅटरीत पाणी घालताना हे कशी काढतात ते इतकी वर्षं बघतेय."

"पण का?"

"मला भीती वाटली. गाडी जागची हलू नये, एवढंच हवं होतं मला. त्यात काही लिहून ठेवलेलं असतं हे मला काय ठाऊक?" त्यांचे डोळे भरून आले. "त्यांचा पुरावा माझ्या हातून गेला ना गं?"

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मनात म्हटलं, यांचाही बाबांवर भरवसा उरला नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने गुपचूप गाडीची तार काढावी, हे बाबांना कळलं तर ते कोलमडतील. मी आईंना शब्द दिला की हे आपल्या दोघींतच राहील. बाबांना आणि नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की तार निघाल्यामुळे जुने कोड पुसले गेले, म्हणून 'कोड नाहीत' याला काही अर्थ नाही.

"मग आता?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जरा धार आली.

"आता ती पुन्हा बंद पाडायची," मी म्हणाले.

ड्रायव्हरने मला एक गोष्ट सांगितली होती. काही सेन्सर थंड असताना ठणठणीत असतात आणि इंजिन खूप तापलं की दगा देतात. थंड झाले की पुन्हा साळसूद. बाबा त्या दिवशी तासभर गर्दीतून गाडी चालवत होते. नवऱ्याचं ऑफिस दहा मिनिटांवर, तेवढ्यात इंजिन नुसतं कोमट होत असणार. म्हणजे गाडी तासभर हळूहळू, थांबत थांबत चालवून पाहायची, आणि तीही अशा ठिकाणी जिथे मागून कुणी येणार नाही. गोदामांच्या मागचा रस्ता सुट्टीच्या दिवशी ओसाड असतो. मी चालवणार, बाबा शेजारी बसून मोबाइल बघणार.

आईंनी हे ऐकलं आणि त्या चक्क ओरडल्या. "काही नको! त्या गाडीत कुणी बसायचं नाही!"

"अगं, रिकामा रस्ता आहे," बाबा म्हणाले.

"मग मीही येणार."

"तू येऊन काय करणार?"

"बसणार," आई म्हणाल्या, आणि चप्पल घालून आमच्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

नवऱ्याला त्या दिवशी एका इमारतीच्या लिफ्टसाठी जावं लागलं होतं. "मजा करा," तो जाताना म्हणाला. "बंद पडली तर मला फोन करा. नाही पडली तरी करा."

आम्ही फेऱ्या मारायला लागलो. पहिल्या अर्ध्या तासात काही म्हणजे काही झालं नाही. गोदामांची तीच निळी दारं, तोच तुटका पत्रा, तोच झोपलेला कुत्रा. बाबा दर पाच मिनिटांनी तापमान वाचून दाखवायचे आणि वहीत लिहायचे. खात्यातली सवय. आई मागे दोन्ही हातांनी सीट धरून बसल्या होत्या. चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस. बाबांचा आवाज बारीक होत गेला. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी वही मिटली.

"चल घरी," ते म्हणाले. "गाडी बरी आहे. मीच बरा नाही."

"अजून दोन फेऱ्या," मी म्हणाले. मला आता रडू यायला लागलं होतं. मीच ही आशा लावली होती.

शेवटच्या गोदामाच्या कोपऱ्यावर मी वळायला लागले, आणि गाडी मेली. दुसरा शब्द नाही. आवाजच गेला. एक हिसका बसला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि समोर गोदामाची भिंत.  मी ब्रेक दाबून सोडला, पुन्हा दाबायला गेले.

"सोडू नकोस. एकदाच दाब आणि धरून ठेव," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "क्लच दाब. आता स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढ. जड आहे, पण वळतं. अजून. हां. आता थांबू दे तिला."

गाडी भिंतीपासून चार हातांवर थांबली. बाबांनी वाकून हँडब्रेक ओढला. मग मोबाइल उचलून चष्मा सारखा केला. वाचलं त्यांनी स्पष्ट, एकेक अक्षर, जसं वजनावरचं खोदकाम वाचत असतील.

"पी, शून्य, तीन, तीन, पाच."

मी ड्रायव्हरला फोन लावला. त्याने लगेच ओळखला. इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो. तो गप्प झाला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंच आहे, आणि तो पेट्रोल तोडतो. बिघाड सेन्सरचा असेल किंवा त्याच्या तारेचा, ते गॅरेजवाला बघेल. "पण ताई, चालवणाऱ्याचा यात काडीचा संबंध नाही," तो म्हणाला. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांनी ऐकलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते हसतील. पण त्यांनी वही उघडली, कोड लिहिला, तापमान आणि वेग लिहिला, आणि पेन खिशाला लावलं.

"हे आजचं झालं," ते म्हणाले. "त्या दिवशी हेच झालं होतं, याला पुरावा नाही. तो पुसला गेला. मी एखाद्या दुकानदाराचा आजचा तराजू बघून मागच्या महिन्याचा दंड लावला असता का? नाही ना?"

 हा माणूस स्वतःलाही सूट देणार नव्हता. आणि मागून आईंचा आवाज आला.

"तो मी पुसला."

मी आरशातून त्यांना मानेने नको नको म्हटलं. त्यांनी पाहिलं नाही.

"तार आपोआप निघाली नव्हती. त्या संध्याकाळी मी काढली. तुमच्या पेटीतल्या पान्याने."

बाबा सावकाश मागे वळले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"तुलाही वाटलं, मी आता गाडी चालवण्याच्या लायकीचा राहिलो नाही?"

"असं कसं वाटेल?" आई एकदम चिडल्या. "किल्ली तर पोराच्या खिशात होती. तुम्ही गाडी नेणार होतात कशाने? तुम्हाला अडवायला मला तार काढायची काय गरज होती?"

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती गाडी घेऊन निघणार होता. तुम्ही सांगितलं होतंत, गाडी आपोआप बंद पडते. मी त्याला म्हटलं, नको नेऊस. हसला. मग मी काय करू? माझ्या पोराला अशा गाडीत बसू देऊ?"

 आईंनी पदराने कपाळ पुसलं.

"तीन आठवडे जीव मुठीत धरून बसलेय मी. तो पोचेपर्यंत घास उतरत नव्हता घशाखाली. आणि आज ही पोरगी निघाली तुम्हाला घेऊन. म्हणून मीही बसले. यंत्राचं तुम्ही आजवर कधी खोटं सांगितलंत? मला कशाला हवेत तुमचे ते नंबर?"

मी समोर भिंतीकडे बघत राहिले. आरशात बघायची मला लाज वाटली. मी नवऱ्याला नावं ठेवत आले, पण बाबांवर विश्वास ठेवायला मलाही डबी लागली होती. आणि ज्या एका माणसाने त्यांचा शब्द ऐकताक्षणी खरा मानला, तिच्याबद्दल मी मनाशी काय ठरवून मोकळी झाले होते!

बाबांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. बाहेर उतरून ते मागे गेले आणि आईंच्या शेजारी बसले.  मग म्हणाले, "तेव्हाच मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? विश्वास आहे म्हणून? असं कुणी सांगतं का?"

एवढ्यात माझा मोबाइल वाजला. नवरा. "काय मग, पडली का बंद?" त्याचा आवाज स्पीकरमधून गाडीभर झाला. मी तोंड उघडणार, तोच आईंनी मागून हात पुढे केला. मी मोबाइल त्यांना दिला.

"पडली," आई त्याला म्हणाल्या. "गोदामांच्या मागे उभे आहोत. तू इकडे ये आणि वडिलांची माफी माग. फोनवर नाही, समोर येऊन."

"पण येऊ कसा? गाडी तर तुमच्याकडे आहे," तो तिकडून म्हणाला.

"ते मला माहीत नाही," आई म्हणाल्या. "चालत ये."